'दुसरे देव' नेमके कोणाला दुसरे वाटत होते?

एका वाचकाने मराठी बायबल पहिल्या पानापासून सलग वाचायला घेतलं आहे आणि 'शास्ते' या पुस्तकापाशी येऊन ते वैतागले आहेत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: लोक बआल नावाच्या दुसऱ्या देवाच्या नादी लागतात, देव कोपतो, शत्रू चालून येतो, लोक गयावया करतात, कोणीतरी सोडवायला येतं, आणि पान उलटलं की पुन्हा बआल. ज्यांच्या वाडवडिलांनी समुद्र दुभंगलेला पाहिला ती माणसं इतक्या लवकर कशी विसरली? त्यातच एका व्हिडिओत त्यांनी ऐकलं की इस्राएलच्या देवाला बायको होती आणि पुरोहितांनी ते दडपून टाकलं. मग एकेश्वरवाद हा मागाहून केलेला बनाव समजायचा का, असंही त्यांनी विचारलं आहे.

प्राचीन पश्चिम आशियाचा इतिहास आणि हिब्रू बायबल शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात हाच वैताग असतो. तो रास्त आहे, पण निघतो भलत्याच लोकांवर. 'ते पुन्हा पुन्हा का वळत' असं विचारताना आपण एक गोष्ट न तपासता धरून चालतो: आपण कुठेतरी वळतोय हे त्यांना कळत होतं. माझा अनुभव असा, की पुरावा समोर मांडला की हे गृहीतकच आधी गळून पडतं. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या स्वतःच्या लेखी ते याहवेचेच भक्त होते. (मराठी बायबलात 'परमेश्वर' छापलेलं दिसतं तिथे मूळ हिब्रूत बहुधा इस्राएलच्या देवाचं याहवे हे नाव असतं. मी पुढे तेच वापरतो, कारण इथे देवांची नावं वेगवेगळी ठेवली नाहीत तर सगळाच घोळ होईल.)

आधी एक कबुली. 'इस्राएली लोक काय करत' याला एकच उत्तर नाही. दक्षिणेच्या यहूदा राज्यातल्या डोंगरातलं शेतकऱ्याचं घर, उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन इथला राजवाडा, सिनायच्या वाटेवरचा मुक्काम आणि इजिप्तमधली लष्करी वसाहत, या प्रत्येक ठिकाणची गोष्ट वेगळी. इ.स.पू. दहाव्या शतकातलं उत्तर सहाव्या शतकाला लागू पडेलच असं नाही. म्हणून कोणी सरसकट 'ते एकेश्वरवादी होते' किंवा 'ते अनेकदेववादी होते' म्हणालं, तर कोणते लोक आणि केव्हाचे, हे आधी विचारावं.

आता 'शास्ते' कोणी लिहिलं ते पाहू. यहोशवापासून राजांच्या पुस्तकांपर्यंतचा सलग इतिहास आज आपल्यासमोर ज्या रूपात आहे, ते रूप त्याला साधारण इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकात आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. गोष्टी जुन्या आहेत, त्यांची गुंफण नंतरची. गुंफणाऱ्यांसमोर एक भयंकर प्रश्न होता. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने (असिरियाने) उत्तरेचं राज्य बुडवलं होतं. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने जेरुसलेम आणि तिथलं मंदिर जाळलं. आपला देव असताना हे झालंच कसं? त्यांनी उत्तर दिलं: आपण दुसऱ्या देवांच्या मागे गेलो म्हणून. एकदा हे उत्तर ठरलं की मागचा सगळा इतिहास त्याच साच्यात बसतो. तुम्हाला खटकलेलं ते चक्र, पाप-शिक्षा-आक्रोश-सुटका, हा त्या संपादकांचा साचा आहे. तो काढून आतली गोष्ट वाचली की वेगळंच काही दिसू लागतं.

'शास्ते' १७ वा अध्याय घ्या. एफ्राईमच्या डोंगराळ मुलखात मीखा नावाचा माणूस राहतो. त्याने आईची अकराशे शेकेल चांदी चोरलेली असते. आईने चोराला शाप दिलेला असतो, तो ऐकून घाबरतो आणि चांदी परत करतो. आई म्हणते, बाळा, याहवे तुझं भलं करो. मग ती ती चांदी याहवेला वाहिल्याचं जाहीर करते आणि त्यातली दोनशे शेकेल सोनाराच्या हवाली करून मूर्ती घडवून घेते. मूर्ती मीखाच्या घरच्या देवघरात बसते. तिथे आधीच कुलदेवतांच्या छोट्या मूर्ती आहेत. मीखा आपल्याच एका मुलाला पुजारी नेमतो. पुढे बेथलेहेमचा एक लेवी, म्हणजे याजकांच्या कुळातला, तरुण काम शोधत तिकडे येतो, तेव्हा मीखा त्याला वर्षाला दहा शेकेल, एक जोडी कपडे आणि जेवणखाण यावर ठेवून घेतो आणि खूश होऊन म्हणतो, आता लेवीच माझा पुरोहित झाला, आता याहवे माझं नक्की कल्याण करील.

या घरात याहवेला सोडलं कोणी? आईने नवस त्याच्या नावाने केला, मूर्ती त्याच्याच चांदीची, पुजारी त्याच्याच सेवेच्या कुळातला. दहा आज्ञा हाती घेऊन बसलेल्या वाचकाला इथे पापाचा ढीग दिसतो, पण मीखाच्या आईला आपण फार भाविक काम केलं असंच वाटत असणार. त्या काळच्या सामान्य घराचं चित्र मला या एका अध्यायात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मोठ्या लढायांच्या वर्णनांत दिसत नाही.

दुसरं पान मी विद्यार्थ्यांना पंचनाम्यासारखं वाचायला लावतो: २ राजे, अध्याय २३. यहूदाच्या योशीया राजाने इ.स.पू. ६२२ च्या सुमारास जेरुसलेमचं मंदिर 'शुद्ध' केलं त्याची ही हकिकत. सुधारणेचं कौतुक क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त तिथून काय काय बाहेर काढलं त्याची यादी करा. बआल, अशेरा ही देवी आणि आकाशातील तारामंडळ यांच्यासाठी केलेली भांडी. खुद्द अशेरेची प्रतिमा, जी किद्रोनच्या ओढ्यात नेऊन जाळली, कुटून तिचा भुगा केला. मंदिराच्या आवारातल्या खोल्या, जिथे बायका अशेरेसाठी वस्त्रं विणत बसत. मंदिराच्या दाराशी ठेवलेले सूर्याचे घोडे आणि सूर्याचे रथ, हे यहूदाच्या राजांनीच दिलेले. आहाज राजाच्या माडीवरच्या गच्चीतल्या वेद्या. मनश्शे राजाने दोन्ही अंगणांत बांधलेल्या वेद्या. शहरासमोरच्या टेकडीवर अष्टोरेथ, कमोश आणि मिलकोम या शेजारच्या लोकांच्या दैवतांची स्थानं, तीही शलमोनाने बांधलेली, म्हणजे त्या वेळी जवळजवळ तीनशे वर्षं जुनी.

हे सगळं कुठे सापडलं? रानात नाही, चोरून नाही. याहवेच्या राजमंदिरात आणि त्याच्या आसपास, राजांच्या खर्चाने, पगारी माणसांकडून चाललेलं. तीनशे वर्षं एखादी गोष्ट राजधानीसमोरच्या टेकडीवर उघडपणे उभी असेल, तर ती त्या समाजाची चूक होती म्हणण्यापेक्षा ती त्या समाजाची रीत होती असं म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. योशीयाच्या आधी हिज्कीया राजाने पितळी साप फोडला, तो मोशेने केलेला आहे असं लोक मानत आणि त्याला धूप जाळत. नहुश्तान त्याचं नाव. मोशेच्या नावाची वस्तू परकी कशी म्हणायची?

आता व्हिडिओतल्या बायकोकडे. त्यात तथ्य आहे, पण सांगितलं जातं तेवढं सरळ नाही.

ईशान्य सिनायच्या वाळवंटात कुंतिल्लत अजरूद नावाची एक टेकडी आहे. १९७५-७६ मध्ये झेएव मेशेल यांनी तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. ८०० च्या सुमाराचा वाटेवरचा मुक्काम तो. तिथे मोठ्या रांजणांच्या अंगावर शाईने लिहिलेले आशीर्वाद सापडले: 'शोमरोनच्या याहवेच्या आणि त्याच्या अशेरेच्या नावाने मी तुला आशीर्वाद देतो', आणि अशाच धर्तीवर 'तेमानच्या याहवेच्या आणि त्याच्या अशेरेच्या'. त्याआधी १९६७ मध्ये हेब्रोनजवळच्या खिर्बेत अल-कोम इथल्या एका थडग्यात उरियाहू नावाच्या माणसाचा लेख मिळाला होता. याहवेने त्याच्या अशेरेकरवी उरियाहूला शत्रूंपासून वाचवलं, असा त्याचा आशय. खाली दगडात कोरलेला हाताचा पंजा. तो इ.स.पू. आठव्या शतकातला. मजा अशी की उरियाहू या नावातच याहवे आहे. माणूस याहवेचा, नाव याहवेचं, आणि जीव वाचवणाऱ्यांत अशेरा.

अडचण व्याकरणाची आहे. हिब्रूत विशेषनामाला 'त्याची' असा प्रत्यय सहसा लागत नाही, म्हणून 'त्याची अशेरा' ही देवी नसून वेदीशेजारी उभारलेला पवित्र खांब असावा असं काही अभ्यासक म्हणतात. बायबलमध्येही अशेरा कधी देवी असते तर कधी तोडायचा खांब. माझं मत विचाराल तर खांब असला तरी तो कोणाचा तरी होता. नुसत्या लाकडाच्या नावाने कोणी प्रवासाला निघालेल्या माणसाला आशीर्वाद देत नाही. पण 'याहवेची पत्नी' हे शब्द त्या लेखांत नाहीत. अजरूदच्या रांजणावर लेखाखाली शेजारी शेजारी उभ्या दोन आकृत्या आहेत, त्यांनाच याहवे आणि अशेरा म्हणून व्हिडिओवाले दाखवतात. त्या आकृत्यांचा थाट बेस या इजिप्शियन रक्षक देवतेचा आहे, आणि चित्रं नि लेख एकाच हातचे आहेत असंही दिसत नाही. ते चित्र पुरावा म्हणून मी वापरत नाही. 'पुरोहितांनी दडपलं' याबद्दल म्हणाल, तर अशेरा मंदिरात होती हे आपल्याला मुळात सांगतंय कोण? तेच राजांचं पुस्तक. दडपणाऱ्यांनी इतकी बारीक नोंद ठेवली नसती.

घराघरांतला पुरावा मातीचा आहे. यहूदात इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातल्या खांबासारख्या बुडाच्या, दोन्ही हातांनी स्तन धरलेल्या स्त्रीमूर्ती हजाराच्या घरात मिळाल्या आहेत, त्यातला मोठा वाटा खुद्द जेरुसलेमचा. मूठभर मातीच्या, तळहातात मावणाऱ्या. काही डोकी साच्यातली, काही चिमटीत दाबून केलेलं नुसतं नाक. त्या बहुतेक घरांच्या अवशेषांत आणि कचऱ्यात मोडलेल्या अवस्थेत सापडतात. ती अशेरा असेल, बाळंतिणीची राखण असेल, दूध यावं म्हणून केलेली मागणी असेल; मूर्तीवर नाव नाही. मंदिर राजाचं आणि पुरोहितांचं होतं, पण पोटुशी बाई, तापलेलं लेकरू आणि आटलेली गाय हे घरचं काम होतं, आणि तिथे कोणाचा हात धरायचा हे बहुधा सासू ठरवत असणार, यिर्मया संदेष्टा नाही.

इथवरचं एकत्र धरलं तर इतकं दिसतं: याहवे हा राष्ट्राचा मुख्य देव होता याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो त्याच्या भोवती कोण कोण चालेल याचा.

मुख्य होता हे कशावरून, तर नावांवरून. १९८६ मध्ये जेफ्री टिगे यांनी कोरीव लेखांतल्या इस्राएली व्यक्तिनामांची छाननी केली. ज्यांत कोणत्या देवाचा उल्लेख ओळखता येतो अशा नावांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नावांत याहवे निघाला. एकेश्वरवाद जुना होता असं मानणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. मात्र शोमरोनच्या राजवाड्यात १९१० साली सापडलेल्या, तेला-दारूच्या आवकीच्या खापरनोंदी पाहिल्या तर तिथे बआलाची नावंही बरीच आहेत. शौल राजाच्या मुलाचं नाव बायबलातल्या 'इतिहास' या पुस्तकात एशबाल असं शिल्लक आहे. शमुवेलच्या पुस्तकात त्याचं ईश-बोशेथ केलेलं आहे, कारण नंतरच्या लेखनिकांना बआल लिहवेना, म्हणून त्यांनी तिथे 'लाज' या अर्थाचा शब्द घातला. शौल काही बआलाचा कडवा भक्त म्हणून ओळखला जात नाही. त्या पिढीला 'बआल', म्हणजे धनी, हे याहवेलाही चालणारं संबोधन वाटत असावं.

मग एलीया संदेष्ट्याचं काय? कर्मेल डोंगरावर एकीकडे एकटा एलीया आणि दुसरीकडे बआलाचे साडेचारशे संदेष्टे, ती गोष्ट सर्वांना पाठ असते. (महाराष्ट्रात तर एलीया परका नाही. कोकणातले बेने इस्राएली अजूनही एलियाहू हन्नबीच्या नावाने पोह्यांचा गोड मलिदा करतात, आणि त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याहून स्वर्गाकडे गेला अशी त्यांची श्रद्धा आहे.) उत्तरेच्या राज्याचा अहाब राजा या कथेतला खलनायक. पण अहाबाच्या मुलांची नावं बघा: अहज्या, योराम. दोन्ही याहवेची नावं. त्याच्या वाड्याचा कारभारी ओबद्या, म्हणजे याहवेचा सेवक, आणि त्याने शंभर संदेष्टे गुहांत लपवून जगवले होते. राजाने याहवे सोडला असता तर पोरांची नावं अशी ठेवली नसती. अहाबाची राणी ईजबेल सीदोनच्या राजाची मुलगी. किनाऱ्यावरच्या श्रीमंत बंदरांशी सोयरीक झाली, राणीबरोबर तिचा देव आला, त्याला राजधानीत मंदिर मिळालं. त्या काळचा हा सर्वमान्य राजशिष्टाचार होता.

बआल कोण हे आपल्याला आज नीट कळतं ते सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितमुळे. १९२९ मध्ये तिथे उत्खनन सुरू झालं आणि मातीच्या पाट्यांवर बआलाच्या कथा मिळाल्या. तो ढगांवर स्वार होणारा, गडगडणारा, पाऊस पाडणारा देव. मृत्यूचा देव मोत त्याला गिळतो तेव्हा नांगरटीची जमीन सुकते. आता कर्मेलची गोष्ट पुन्हा वाचा. ती सुरूच होते दुष्काळाने, आणि संपते पावसाने. नाईलसारखी नदी नसलेल्या, पावसावर जगणाऱ्या मुलखात प्रश्न सरळ होता: पाऊस कोणाच्या हातात? एलीयाचं म्हणणं, तोही याहवेच्याच हातात. आणि स्तोत्रसंहितेत याहवेही ढगांवर स्वार होतो, त्याच्या गर्जनेने देवदार मोडतात. बआलाला हाकलताना त्याचं खातं मात्र याहवेकडे आलं. यहूदाच्या शेतकऱ्याला ती सीमारेषा अंधुक वाटली असेल तर त्यात नवल ते काय?

वर्गात या ठिकाणी कोणीतरी हात वर करून म्हणतंच: म्हणजे आपल्यासारखंच ना सर, कुलदैवत वेगळं, ग्रामदेवी वेगळी, आणि वारी विठोबाची. निम्मं बरोबर आहे, मीखाच्या घरासाठी तर अगदीच. पण तिथेच थांबलं तर पुढचं काही समजत नाही, कारण इस्राएलमध्ये एक गट असा निघाला की ज्याने हे चालूच दिलं नाही.

त्या गटाची भूमिकाही सुरुवातीला 'दुसरे देव नाहीतच' अशी नव्हती. पहिली आज्ञा म्हणते, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसोत. अस्तित्वाचा प्रश्न ती काढतच नाही, निष्ठेचा काढते. निर्गममधलं जुनं गीत विचारतं, देवांमध्ये तुझ्यासारखा कोण? 'शास्ते'मधला सेनानी इफ्ताह अम्मोन्यांच्या राजाला निरोप धाडतो, तुझा देव कमोश तुला देईल ते तू घे, याहवे आम्हाला देईल ते आम्ही घेऊ. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात परात्पर देव राष्ट्रांची वाटणी करतो. छापील हिब्रू पाठात ती 'इस्राएलपुत्रांच्या संख्येप्रमाणे' आहे, पण मृत समुद्राकाठच्या गुंडाळीत तिथे 'देवपुत्रांच्या' असं आहे, म्हणजे एकेका देवाला एकेक राष्ट्र, आणि याकोब याहवेच्या वाट्याला. शेजारी मवाबातही हाच समज होता. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे मेशा राजाचा शिलालेख सापडला, इ.स.पू. ८४० च्या सुमाराचा, तो आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. त्यात मेशा म्हणतो, इस्राएलने मवाबाला दडपलं कारण कमोश आपल्या देशावर कोपला होता. नावं बदलली की हे वाक्य 'शास्ते'त सहज खपून जाईल.

मग फक्त याहवे, दुसरं कोणी नाही, हा आग्रह इतका धारदार का झाला? होशेयासारख्या संदेष्ट्यांनी इ.स.पू. आठव्या शतकात तो नवराबायकोच्या भाषेत मांडला. पण अनुवादाच्या पुस्तकात त्याला जी कायद्याची धार आहे, तिचं एक कारण मला अश्शूरच्या करारनाम्यांत दिसतं. इ.स.पू. ६७२ मध्ये सम्राट एसरहद्दोनने मांडलिकांकडून आपल्या वारसाशी निष्ठेची शपथ घेतली. त्याच्यावर जिवापाड प्रेम करा. तुमचा भाऊ, मुलगा, मुलगी कोणीही त्याच्याविरुद्ध काही बोललं तर लपवू नका. यहूदाचा मनश्शे हा त्याचाच मांडलिक. आता अनुवाद १३ वाचा: तुझा सख्खा भाऊ, मुलगा, मुलगी, प्राणप्रिय पत्नी किंवा जिवलग मित्र तुला गुपचूप म्हणाला की चल, दुसऱ्या देवांची सेवा करू, तर त्याला लपवू नकोस. वाक्यरचनेपर्यंत साम्य आहे. सम्राट मागत होता ती एकनिष्ठा या लोकांनी त्याला न देता आपल्या देवाला दिली. 'दुसरा देव' हा शब्द तिथे जवळजवळ राजद्रोहाच्या अर्थाने येतो, आणि म्हणूनच शिक्षाही राजद्रोहाची, दगडमार.

लेकरांच्या बळींबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या पुस्तकांत ते येईलच. जेरुसलेमलगतच्या हिन्नोमच्या खोऱ्यात मुलं अग्नीत अर्पण करत असत हे योशीयाच्या हकिकतीत आहे. तिथे यिर्मयाचं एक वाक्य लक्षपूर्वक वाचा. याहवे म्हणतो, हे मी आज्ञापिलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. असा खुलासा कधी करावा लागतो? लोक 'देवानेच मागितलंय' असं म्हणत असतील तेव्हा.

योशीयाची सुधारणा टिकली नाही. इ.स.पू. ६०९ मध्ये तो मगिद्दोला इजिप्तच्या फारोकडून मारला गेला, आणि पंचवीस वर्षांच्या आत जेरुसलेम पडलं. इजिप्तला पळालेले निर्वासित आणि म्हातारा यिर्मया यांचं भांडण यिर्मया ४४ मध्ये आहे. माझ्या दृष्टीने या संपूर्ण विषयातलं हे सर्वांत मोलाचं पान, कारण इथे दुसरी बाजू स्वतःच्या तोंडाने बोलते. आकाशराणी या देवीला आम्ही धूप जाळत होतो, पेयार्पणं करत होतो, आमचे बापदादे, राजे, सरदार सगळे यहूदाच्या नगरांत आणि जेरुसलेमच्या रस्त्यांत हेच करत होते, तेव्हा पोटभर खायला होतं, सुखात होतो. आम्ही ते बंद केलं आणि तेव्हापासून तलवारीने नि उपासमारीने आमचा नाश होतोय. बायका पुढे म्हणतात, तिच्या आकाराच्या पोळ्या आम्ही केल्या त्या काय नवऱ्यांना न विचारता? सातव्या अध्यायात त्या पोळ्यांची तयारीही आहे: मुलं लाकडं गोळा करतात, बाप जाळ करतो, बायका कणीक मळतात. अख्खं घर कामाला लागलेलं.

या बायकांचा युक्तिवाद ऐकून घ्या. शुद्धीकरण झालं, राजा मेला, नगर जळलं. यिर्मया त्याच घटनांवरून उलटा निष्कर्ष काढतो: तुम्ही आधी जे केलंत त्याचं हे फळ. दोघांकडे घटना त्याच आहेत. त्या दिवशी त्या सभेत बसलेल्या तटस्थ माणसाला कोणाचं पटलं असतं, हे मी विद्यार्थ्यांना विचारतो, आणि वर्ग कधीच एका बाजूला झुकत नाही.

यिर्मयाची बाजू पुढे टिकली ती बंदिवान करून बाबेलला नेलेल्या लोकांमुळे. यशयाच्या ४० ते ५५ या अध्यायांत, पारसाचा (पर्शियाचा) सम्राट कोरेश बाबेलवर चालून येत होता त्या काळात, म्हणजे इ.स.पू. ५४० च्या आगेमागे, पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत येतं: मी पहिला, मीच शेवटला, माझ्यावाचून देवच नाही. मंदिर नाही, राजा नाही, जमीन नाही, आणि तरीही आपला देव हरलेला नाही असं म्हणायचं असेल, तर बाबेलचा विजयही त्याच्याच हातचा मानावा लागतो. मग बाबेलच्या देवांना काही कामच उरत नाही. निष्ठेचा जुना नियम इथे विश्वाबद्दलचं विधान झाला.

पण सगळीकडे एकदम नाही. नाईलमधल्या येब बेटावर, आजच्या आस्वानजवळ, पर्शियन साम्राज्याच्या चाकरीत यहुदी सैनिकांची वसाहत होती. त्यांचं स्वतःचं याहूचं, म्हणजे याहवेचंच, मंदिर होतं. इ.स.पू. ४१० मध्ये ते पाडलं गेलं, तेव्हा त्यांनी जेरुसलेमच्या मुख्य याजकालाही पत्र लिहिलं होतं. आपण काही वावगं करतोय असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. इ.स.पू. ४०० च्या सुमाराची त्यांची एक वर्गणीची यादी मिळाली आहे. शीर्षक म्हणतं, याहू देवासाठी ज्यांनी प्रत्येकी दोन शेकेल दिले त्यांची नावं. शेवटी हिशेब: याहूसाठी १२६ शेकेल, अनात-बेथेलसाठी १२०, एशेम-बेथेलसाठी ७०. जमा याहूच्या नावाने, वाटणी तीन देवतांत. यशयाच्या त्या अध्यायांनंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

आता 'बनाव' या शब्दाबद्दल. बनाव म्हणजे खरं माहीत असून खोटं रचणं. इथे तसं कोणी केल्याचं दिसत नाही. एका अल्पसंख्य गटाचा आग्रह शतकानुशतकं घासून धारदार झाला, आपत्तीत तोच तगला, आणि तगलेल्यांनी मागचा इतिहास आपल्या नजरेने लिहिला. तो देवाने शिकवलेला क्रम होता की माणसांनी गाठलेला, याचं उत्तर उत्खननात सापडत नाही. माझ्या वर्गात याजक होते, नास्तिक होते, दोघेही हाच पुरावा वाचून आपापल्या घरी गेले.

तुम्ही 'शास्ते'त आहातच, तर सलग वाचनाला जरा सुट्टी द्या. आधी ६ वा अध्याय घ्या. गिदोन बआलाची वेदी रात्री चोरून पाडतो, आणि ती त्याच्या स्वतःच्या बापाची असते. सकाळी गावकरी त्याचा जीव घ्यायला येतात. मग १७ आणि १८, म्हणजे मीखाच्या मूर्तीचं पुढे काय झालं तेही कळेल. तिथून सरळ २ राजे २३, मग यिर्मया ४४, आणि त्याला लागून यशया ४५. वाचताना 'हे कोणाच्या तोंडी आहे' एवढंच पेन्सिलीने समासात लिहीत जा. यिर्मया ४४ ला पोचलात की समासात पहिल्यांदाच त्या बायकांचं नाव लिहावं लागेल.